साडूला घाम फुटावा म्हणून

कुवेतमध्ये ‘गरम होतंय’ हे दोन शब्द माणूस वर्षातले नऊ महिने फुकट वाटत असतो. लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, फोन उचलल्यावर ‘हॅलो’च्या जागी. मला ते एका माणसाच्या तोंडून जानेवारीत ऐकायचे होते. त्यासाठी मी एक आख्खं वर्ष, उजव्या हाताची दोन नखं आणि बायकोची सगळी सहनशक्ती खर्च केली. तो माणूस म्हणजे माझा साडू. समोर असला की मी त्याला अहोजाहो करतो. कागदावर करायचं काही कारण दिसत नाही.

भावाशी भांडण झालं तर निदान वाटणी होते. साडूशी भांडायला इस्टेटच नसते, दोघांत मिळून एक सासूबाई असतात. आमच्या सासूबाई साताऱ्याच्या. थोरली मुलगी रुमैथियात, धाकटी म्हणजे माझी बायको फिंतासमध्ये. दर थंडीत त्या दोन महिने येतात आणि महिना-महिना दोघींकडे राहतात. साडू पुण्याचा, बावीस वर्षं एअर कंडिशनिंगच्या धंद्यात. कुवेतमधल्या निम्म्या इमारतींत लोक मे महिन्यात शाल पांघरून बसतात ते ह्याच्यामुळे. मी नाशिकचा, रिफायनरीत इन्स्ट्रुमेंटेशनला. त्यामुळे तो मला नावानं हाक मारत नाही, ‘काय नाशिककर’ म्हणतो, आणि त्या हाकेत मी नुकताच एसटीतून उतरलोय असा भाव असतो.

माझ्याकडे एक जुनी कॅम्पर व्हॅन आहे. गोल दिव्यांची, पुढून पावासारखी फुगलेली, इंजिन मागच्या बाजूला. रेडिएटर नाही, पाणी नाही, इंजिन वाऱ्यावर थंड होतं. मायदेशी परत निघालेल्या एका युरोपियन शिक्षकाकडून मी ती घेतली. गाडीचं दफ्तर, म्हणजे इथलं मालकीचं पुस्तक, माझ्या नावावर झालं त्या दिवशी तो शिक्षक रडला. मला वाटलं प्रेमानं रडतोय. जानेवारी आल्यावर कळलं, सुटल्याच्या आनंदानं रडत होता.

कारण ह्या गाडीला हीटर होता, पण तो फक्त कागदोपत्री.

वाळवंटातली थंडी न अनुभवलेल्यांना ही गोष्ट चेष्टा वाटेल. आमची इथली मराठी मंडळी संक्रांतीच्या जवळच्या शुक्रवारी सालमीच्या रस्त्याला तंबू ठोकून दिवसभर राहतात. बायकांचं हळदीकुंकू तंबूत गालिच्यावर होतं आणि वारा असा असतो की हळद लावायची एकीला आणि लागते शेजारच्या तंबूतल्या अरबाला. तर दोन वर्षांपूर्वी सासूबाईंनी हट्ट धरला की मी ह्या गाडीतूनच जाणार. गाडीला पडदे आहेत, फोल्डिंगचं टेबल आहे, छोटं कपाट आहे. त्यांना ते फिरतं माजघर वाटलं.

फिंतासहून निघून दीड तास प्रवास. मी सांगतो, त्या दिवशी थर्मासमधला चहा झाकण न उघडता गार झाला. माझा श्वास समोरच्या काचेवर जाऊन बसायचा, म्हणून एक हात स्टिअरिंगवर आणि एक फडक्यावर. मागून सासूबाई विष्णुसहस्रनाम म्हणत होत्या आणि दातांवर दात वाजल्यामुळे विष्णूची नावं हजारावरून चार हजारांवर गेली होती. मुक्कामाला पोचलो तर त्यांचे गुडघे उघडेनात. दोघीतिघींनी धरून, बसल्या आकारातच खाली घेतलं.

तिथं चाळीसेक माणसं उभी. साडू पुढे आला, सासूबाईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला, “काय नाशिककर, श्रीखंड फ्रीजमधून अर्धा तास आधी काढून ठेवायचं असतं. सासूबाईंना तसंच वाढलंस?”

चाळीस माणसं हसली. त्यात माझी मुलगी होती. ती इथंच वाढली, त्यामुळे इंग्रजीत हसली, “बाबा, इट इज लिटरली अ फ्रीज.”

त्या दिवसापासून माझ्या गाडीचं नाव फ्रीज. ग्रुपवर कुणी आइस्क्रीमचा फोटो टाकला तरी खाली साडूचा शेरा, ‘नाशिककरांच्या गाडीत ठेवा, टिकेल.’ हेही मी गिळलं असतं. पण परतीच्या दिवशी सासूबाई विमानतळावर साडूच्या पांढऱ्या जीपमधून गेल्या. सीटला खालून ऊब देणारी जीप. आजवर त्यांना पोचवायला मीच जात होतो. मी बॅग उचलली तर हळूच म्हणाल्या, “जावईबापू, राग मानू नका, पण मला त्यांच्याच गाडीतनं जाऊ द्या.” आणि पुढच्या वर्षीचं तिकीट काढताना फोनवर बायकोला सांगितलं, “येते, पण त्या गाडीत मला बसवू नका गं.”

तेव्हा मी ठरवलं. पुढच्या संक्रांतीला सासूबाई माझ्या गाडीतून जातील, साडू माझ्या शेजारी बसेल आणि स्वतःच्या तोंडानं म्हणेल, गरम होतंय.

बायको लॅबमध्ये काम करते, तिला रक्तातलं लगेच दिसतं. तिनं विचारलं, “तुम्ही हे आईसाठी करताय की भावजींसाठी?”

“आईंसाठीच.”

“मग आईच्या गुडघ्यांचं बोला की. सारखं भावजींच्या घामाचं काय काढता?”

अर्दियाच्या गॅरेजांच्या गल्लीत एक म्हातारे उस्ताद आहेत, पेशावरकडचे. जुन्या गाड्यांना हात लावणारे तेवढेच उरलेत. त्यांना मी सांगितलं, हीटर दुरुस्त करायचाय. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला.

“बाबूजी, कुवैत में हीटर बनवाने वाले आप दूसरे आदमी हो.”

“पहला कौन था?”

“पता नहीं. मैंने उसका काम किया नहीं, मैं समझा मज़ाक कर रहा है.”

गाडी वर घेतली आणि मग सगळी कुंडली निघाली. ह्या गाडीत ऊब तयार होते ती धुराच्या नळ्यांभोवती बसवलेल्या पत्र्याच्या दोन डब्यांत. इंजिनाचा पंखा त्या डब्यांतून हवा ढकलतो, नळ्यांवरून जाताना ती तापते, आणि गाडीच्या पोटाखालच्या लांब पाइपातून पुढे पायापाशी येते. कल्पना सुरेख आहे. माझ्या गाडीत डबे गंजून चाळण झाले होते, म्हणजे ऊब आली असती तर सोबत धूरही आला असता आणि सासूबाईंचं विष्णुसहस्रनाम वाटेतच संपलं असतं. डब्यांची झडप उघडणारी तार गंजून बसली होती. लांब पाइप उघडाबोडका, बाहेरच्या वाऱ्यात. त्यात सोडलेली गरम हवा पुढे येईपर्यंत वाटेतच विरून जायची. आणि त्या पाइपात कुणीतरी चिंध्या कोंबल्या होत्या. उस्तादांनी त्या ओढायला सुरुवात केली. एक बनियन निघालं, एक टॉवेल निघाला, अरब घालतात त्या पायघोळ दिशदाशाची एक बाही निघाली. मला तर वाटलं, शेवटी आत माणूसच निघणार. कुण्या जुन्या मालकानं उन्हाळ्यात गरम झळ येते म्हणून कायमचा बंदोबस्त केला होता. कुवेतला साजेसाच.

नवे डबे जर्मनीहून मागवले. ते यायला इतका वेळ लागला की मला वाटलं ते चालत येतायत. झडपांच्या तारा बदलल्या. मागच्या बाकाखाली सासूबाईंच्या पायांसाठी वेगळं तोंड काढलं, त्याला वेगळी छोटी झडप, म्हणजे त्यांना मऊ ऊब मिळेल, चटका बसणार नाही. धुराची गळती कळावी म्हणून आत गॅसचा अलार्म लावला. रिफायनरीत दिवसभर माझं हेच काम, घरच्या गाडीत हयगय केली असती तर सहकाऱ्यांनी मला वाळीत टाकलं असतं. राहिला पाइप. त्याला गुंडाळायला चांगलं इन्शुलेशन हवं होतं. आणि कुवेतमध्ये पाइप गुंडाळण्याच्या विद्येत माझ्या साडूइतका मोठा माणूस नाही.

मी त्याला फोन केला. खोटं एक अक्षर बोललो नाही. म्हणालो, “भाऊसाहेब, गाडीच्या डक्टमधून हवा सोडली की पुढे पोचेपर्यंत तिच्यात काही राहत नाही. काय करावं?”

पलीकडे सिंहानं आयाळ झटकल्याचा आवाज आला. चाळीस मिनिटं बोलला. त्याला वाटलं, मी शेवटी शहाणा होऊन गाडीला एसी बसवतोय. मी ‘हं, हं’ एवढंच म्हणत होतो. त्याचं गोदामही अर्दियातच. शनिवारी तो स्वतः उस्तादांकडे आला, काळ्या रबरी इन्शुलेशनचे दोन रोल आणि चंदेरी टेप घेऊन. आम्ही पाइप गाडीखालून काढून टेबलावर ठेवला होता. साडूनं बाह्या सरसावल्या आणि त्या पाइपला असा गुंडाळायला लागला, जशी बाळंतीण पोराला दुपट्यात गुंडाळते.

“सांधा उघडा ठेवायचा नाही, नाशिककर. हवा चोर असते. केसाएवढी फट मिळाली की पळते.”

“हो भाऊसाहेब.”

“टेप दुहेरी. आणि इंजिनाकडच्या टोकाला रबर नको, वितळेल. तिथं काचलोकर, वरून पत्रा.”

“वा. हे सुचलंच नसतं.”

“तुला कसं सुचेल. ह्याला बावीस वर्षं लागतात.”

उस्ताद कोपऱ्यात चहा पीत सगळं बघत होते. साडू गेल्यावर त्यांनी विचारलं, “इनको मालूम है ये हीटर है?”

मी म्हणालो, “इनको सब मालूम है, यही इनकी बीमारी है.”

एवढ्यावर माझं समाधान झालं नाही. ह्या गाडीचा हीटर इंजिनाच्या वेगावर चालतो, गाडी रेंगाळली की ऊबही रेंगाळते. म्हणून फिंतासच्या किनाऱ्यावर बोटींचं सामान विकणारा आहे त्याच्याकडून बोटीच्या इंजिनरूममधला एक ब्लोअर आणला आणि पुढच्या पाइपात मध्येच बसवला. त्याचं बटण डॅशबोर्डवर हवं होतं. उस्तादांच्या भंगारात एका जुन्या गाडीच्या एसीचं गोल बटण सापडलं, निळ्या रंगाचं, वर छोटा पंखा काढलेला, एक ते चार आकडे. तेच लावलं. त्यावरून पुढे आमच्या घरात माझ्यावर बरेच आरोप झाले. भंगारात दुसरं बटण नव्हतं. एक लाल होतं, पण ते मला आवडलं नाही.

डिसेंबरात मी गाडी घेऊन एकटा सालमीपर्यंत जाऊन आलो. चारवर ब्लोअर लावला आणि पायाजवळच्या भोकाशी उडदाचा पापड धरला. तो भाजला. सगळा नाही, कडेनं. पण पापडाची कड भाजणारी हवा साडूच्या पोटऱ्यांना काय करेल ह्याचा हिशोब करत मी इतक्या आनंदात परत आलो की बायकोनं कपाळाला हात लावून ताप आहे का पाहिलं.

आता प्रश्न एकच होता. साडूला गाडीत बसवायचं कसं? त्याची सोय त्यानंच केली.

सासूबाई आल्या. संक्रांतीचा शुक्रवार ठरला. त्या माझ्या गाडीत बसायला तयार नव्हत्या, मीही आग्रह केला नाही. तर साडूच म्हणाला, “आई, बसा हो. मी बसतो तुमच्या सोबतीला. फ्रीजचं शेवटचं दर्शन घेऊ.” मला वाटलं, हा मनानं बदलला. सकाळी रुमैथियात त्याच्या दाराशी गाडी लावली आणि तो बाहेर आला तेव्हा कळलं, त्याचाही बेत होता. अंगात थर्मल, त्यावर दोन स्वेटर, त्यावर स्वित्झर्लंडच्या सहलीत घेतलेलं पिसांचं जाड जॅकेट, गळ्याला मफलर, डोक्याला माकडटोपी, हातात मोजे, मांडीवर गरम पाण्याची पिशवी. ध्रुवावर निघालेल्या माणसानंसुद्धा त्याला विचारलं असतं, एवढं कशाला. त्याला तिथं सगळ्यांसमोर कुडकुडत उतरायचं होतं. त्याची बायको मुलांना घेऊन जीपमधून पुढे जाणार आणि फोन रोखून तयार राहणार, असं ठरलं होतं.

तो माझ्या शेजारी बसला, सासूबाई आणि माझी बायको मागे. मी अंगात मलमलचा सदरा घातला होता, वर एक स्वेटर, चटकन काढता येण्याजोगा.

पहिली दहा मिनिटं त्यानं नाटक केलं. फोनवर स्वतःचं चित्रण करत म्हणाला, “मित्रांनो, आपण आत्ता उणे चाळीसमध्ये आहोत.” सहावा रिंग रोड लागला, इंजिन तापलं. मी झडपेची तार ओढली आणि ब्लोअर एकवर ठेवला.

जहरा गावाच्या अलीकडे त्याचं चित्रण थांबलं.

मागून सासूबाई म्हणाल्या, “अगंबाई. पायाशी ऊब येतीये की.” त्यांनी शाल काढून घडी केली. मी स्वेटर काढला. साडूनं मफलर एका बोटानं किंचित सैल केला, आणि मी बघतोय हे बघून पुन्हा आवळला.

“भाऊसाहेब, गरम होतंय का?”

“छे. गारठा आहे. पायाला तर लागतोय चांगला.”

ह्यानंतर जे झालं ते कुवेतबाहेर कुणाला पटायचं नाही. इथं राहणाऱ्या माणसाचा हात उकडायला लागलं की डोक्याला न विचारता पंख्याच्या बटणाकडे जातो. पंखा वाढवला की गार होतं, हे आमच्या हाडांना माहीत असतं. त्यात हा तर त्या हाडांचा ठेकेदार. मी डावीकडच्या आरशात बघत असताना त्याचा मोज्यातला हात हळूच पुढे आला आणि त्यानं निळं बटण एकवरून दोनवर केलं. चोरून. तोंडानं बोलायचं नव्हतं ना.

ब्लोअर गुरगुरला. त्याच्या पायांवर पापड भाजणारी हवा दुप्पट जोरात यायला लागली. पाच मिनिटांनी त्यानं तीन केलं.

मला सांगता आलं असतं. तोंड उघडायचं आणि म्हणायचं, भाऊसाहेब, ते हीटरचं आहे. सालमी अजून साठ किलोमीटर होतं. संक्रांतीचा सण, गोड बोलायचा दिवस. मी काहीच बोललो नाही. त्यातल्या त्यात तेच गोड होतं.

त्यानं दुसरीकडून प्रयत्न केला. मागे वळून म्हणाला, “आई, तुम्हाला कोंडल्यासारखं होत असेल तर खिडकी उघडतो जरा.”

“नको नको, जावईबापू. गुडघ्यांना वारं लागेल. किती दिवसांनी सुटलेत बघा, आत्ता मोकळे झाले.”

“जरा बारीकशी फट...”

माझी बायको म्हणाली, “भावजी, तुम्हीच म्हणता ना, केसाएवढी फट मिळाली की हवा पळते.”

तिला हे मी सांगितलं होतं. ती माझ्या बाजूनं आहे हे मला लग्नानंतर सतरा वर्षांनी कळलं.

त्यानं चार केलं. मी आयुष्यात बॉयलर पाहिलेत, भट्ट्या पाहिल्यात, पण माणूस असा तापलेला पाहिला नाही. माकडटोपीतून जेवढा चेहरा दिसत होता तो तांबडा, मग जांभळा, मग असा काही झाला की त्या रंगाला मराठीत नाव नाही. हनुवटीवरून घाम गिअरच्या दांड्यावर पडत होता. चौथा गिअर टाकताना माझा हात दोनदा घसरला. मांडीवरची गरम पाण्याची पिशवी त्याला त्यातल्या त्यात गार वाटत असावी, कारण तो ती गालाला लावत होता. पण जॅकेटची चेन त्यानं उघडली नाही. पुण्याच्या माणसाचं कौतुक करावं लागतं ते करतोच.

“जावईबापू, कोट काढा की. केवढा घाम आलाय.”

“थंडीचा घाम आहे आई. असतो असा.”

पोचलो. चाळीस माणसं फोन रोखून उभी. आधी सासूबाई उतरल्या, दोन्ही पायांनी, कुणाचा हात न धरता, आणि चालत जाऊन चुलीपाशी बसलेल्या बायकांना म्हणाल्या, “काय गारठा आहे गं बाहेर.” बाहेर, म्हणाल्या. मग साडू उतरला. त्याच्या डोक्यातून वाफ निघत होती, टोपीच्या विणीतून, इडलीपात्राच्या झाकणातून निघावी तशी. कुणीतरी विचारलं, “साहेब, समुद्रावरून आलात का?”

मी कान टवकारून उभा होतो. आता बोल. दोनच शब्द.

साडू म्हणाला, “ताप होता सकाळपासून. आत्ता उतरला वाटतं. घाम फुटलाय.”

आमच्या ग्रुपात निम्म्या नर्सेस आणि चौघे डॉक्टर. सगळे धावले. कुणी नाडी धरली, कुणी थर्मामीटर आणला, कुणी तंबूत गादी घातली. दुपारभर माझा साडू लोडाला टेकून मऊ भात आणि साजूक तूप खात होता आणि बायका तीळगूळ द्यायला त्याच्यापाशी जात होत्या, “आजारी असूनही आईंच्या सोबतीला बसून आले हो.” माझ्या गाडीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. मी पावभाजीची भाजी इतक्या रागानं घोटली की ती पुढे चमच्यानं न खाता प्यावी लागली.

ऊन उतरलं आणि वायव्येचा वारा सुटला. घामानं भिजलेले थर्मल, स्वेटर, पिसांचं जॅकेट, सगळं साडूच्या अंगावर तसंच ओलं होतं, आता ते गार पडायला लागलं. काढलं तर बदलायला काही नव्हतं. मेव्हणी पाव कमी पडले म्हणून जीप घेऊन जहराला गेली होती. साडू खरोखर कुडकुडायला लागला. आधी लोकांना वाटलं करमणूक करतोय. सासूबाईंनी त्याचा हात हातात घेतला आणि मला म्हणाल्या, “जावईबापू, ह्यांना तुमच्या गाडीत न्या. तिथं ऊब आहे.”

मी त्याला गाडीत बसवलं. ओलं काढून सासूबाईंची शाल आणि माझं ब्लँकेट दिलं. आता गाडीत आम्ही दोघंच. गाडी उभी ठेवून फारशी ऊब मिळत नाही, म्हणून तंबूंच्या मागच्या सपाट वाटेवरून गाडी काढली आणि इंजिन तापू दिलं. झडप बंद ठेवली.

एक किलोमीटर गेला. त्याचे दात वाजत होते.

“लावतोस का?”

“काय भाऊसाहेब?”

“ते. हीटर.”

“आवाज फार आहे ह्या इंजिनाचा. काय म्हणालात?”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी समोरच्या वाळूकडे पाहिलं. त्याला कळलं होतं की मला ऐकू आलंय, आणि त्याला कळलंय हे मलाही कळलं होतं. अजून अर्धा किलोमीटर तसेच गेलो.

“तुझ्या गाडीचा हीटर लाव,” साडू स्पष्ट म्हणाला. “मला थंडी वाजतेय.”

मी तार ओढली. बटण एकवर फिरवलं. त्यानं ते फिरताना बघितलं आणि त्यातून आलेली हवा पायांवर घेतली.

“म्हणजे मी सकाळी वाढवत होतो ते...”

“हो.”

“आणि तू बघत होतास.”

“साठ किलोमीटर.”

त्यानं शाल मानेपर्यंत ओढून घेतली. मग म्हणाला, “सकाळी गरम होत होतं. फार. मला वाटलं मी मरतो.”

झालं. म्हणाला. काळ चुकला होता, मी ‘होतंय’ मागितलं होतं आणि मिळालं ‘होत होतं’, पण मी खळखळ केली नाही. माझ्या छातीत तुतारी वाजली. मी गाडी वळवली आणि तंबूंकडे इतकी वेगात आणली की वाळूचा लोट उठला. सगळ्यांना बोलावलं. म्हणालो, भाऊसाहेबांना काही सांगायचंय.

साडू उतरला, शाल सावरली. तोंडावर चांगली तरतरी आली होती, माझ्याच हीटरनं आलेली. म्हणाला, “काही नाही हो. गाडी ठीक आहे. आवाज फार करते.”

मी ओरडून सांगितलं, हे आत काय म्हणाले ते. कुणी ऐकून घेईना. बायका हसल्या, डॉक्टर हसले. एक जण म्हणाला, “राहू द्या हो, तुमच्या गोष्टींत उंदराचा हत्ती होतो, साडूची गोष्ट तर हत्तीपासूनच सुरू होणार.” साडू माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा होता, मायेनं.

जीप परत आली, पाव संपले, निघायची वेळ झाली. सगळ्यांसमोर सासूबाई माझ्या गाडीकडे चालत गेल्या आणि आत जाऊन बसल्या. त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. साडूच्या तोंडावर ते उमटलं, मी पाहिलं. पण तो गप्प बसणाऱ्यातला नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “नाशिककर, ही वाटेत बंद पडेल. आई आत आहेत. मी जीप घेऊन तुझ्या मागेच राहतो, पुढे जाणार नाही.”

सगळ्यांनी मान डोलावली. जबाबदार माणूस, म्हणाले.

सालमीच्या रस्त्यावर त्याची जीप एकशेवीसनं जाते, हे सगळ्या कुवेतला माहीत आहे. मी गाडी पन्नासवर ठेवली. ब्लोअर हळू चालू होता, सासूबाई पाच मिनिटांत झोपल्या, बायको पडदा बाजूला करून मागे बघत होती. ट्रक आम्हाला मागे टाकून गेले. एक पाण्याचा टँकर गेला. मागच्या काचेत साडूच्या जीपचे दिवे जहरापर्यंत तसेच राहिले. तिथं त्यानं एकदा हॉर्न वाजवला.

मी पंचेचाळीसवर आणली.